आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीतल्या कुणाला बाहेरगावच्या नातेवाइकाचा फोन आला, की तब्येतपाण्याच्या आधी एकच चौकशी होते : "आयर्विनला किती फूट?" १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आकडा वर सरकू लागला की सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या भागांतली माणसं सामान माळ्यावर चढवू लागतात. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९च्या ऑगस्टात ५७ फुटांवर.

या सवयीत एक बारकावा आहे. सांगलीकर सांगलीतला पाऊस बघत नाही, वरचा बघतो. महाबळेश्वरला किती झाला, कोयनेतून किती सोडलं, कराडला कोयना-कृष्णेच्या संगमावर काय परिस्थिती आहे. डोक्यावर ऊन असतानाही पाणी दारात येऊ शकतं, हे त्याला पिढ्यांच्या अनुभवानं ठाऊक आहे.

लिनक्स या प्रणालीवर चालणारा वेब सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाची पानं पुरवणारा संगणक, सांभाळणं हे काम या सवयीच्या फार जवळचं आहे. त्याच्या सुरक्षेबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा भिंतीचं बोलतात : फायरवॉल कोणती, पासवर्ड किती अक्षरांचा, कुलूप कोणत्या कंपनीचं. भिंत लागतेच. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतली मोठी प्रकरणं उलगडून पाहिली, तर भिंत मुळातच नव्हती अशी थोडी निघतात. भिंत होती, तिला भोक पडलं होतं आणि तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, अशी जास्त.

समजा, साताऱ्यातल्या एका कंदी पेढ्यांच्या दुकानाला गावोगावच्या गिऱ्हाइकांकडून ऑर्डरी घ्यायच्या आहेत. पुतण्या अभियांत्रिकीला आहे. तो काकांना सांगतो, महिना काही रुपयांत सर्व्हर भाड्यानं मिळतो. हा सर्व्हर साताऱ्यात नसतो. अ‍ॅमेझॉननं २०१६च्या जूनमध्ये मुंबईत आपली डेटा सेंटरं सुरू केली. तशाच कुठल्या तरी इमारतीतल्या एका दणकट यंत्राचा लहानसा वाटा दुकानाच्या नावे लागतो. त्यावर उबंटू किंवा डेबियन नावाचा लिनक्सचा एखादा अवतार चढवलेला असतो. पाच मिनिटांत सगळं तयार. पुतण्या म्हणतो, आता सुरक्षेचं बघायला हवं. काका म्हणतात, "अरे, आपल्याकडे काय सोनं आहे चोरायला? आपलं दुकान कोण शोधत येणार?"

काकांचा प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र त्यांना आवडणारं नाही. दुकान कुणी शोधत येत नाही. सगळीच दारं वाजवली जातात. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४३० कोटी आहेत. हा आकडा एवढा मोठा वाटतो की आपण गर्दीत हरवून जाऊ, असा दिलासा मिळतो. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो दिलासा संपला. एकच साधा संगणक आणि वेगवान जोडणी एवढ्या भांडवलावर हा प्रोग्रॅम सगळ्या पत्त्यांवर एकेक टकटक ४५ मिनिटांत करून येतो. म्हणजे सातारा ते कराड एसटीचा प्रवास पुरा व्हायच्या आत जगातलं प्रत्येक दार एकदा वाजवून होतं. झेडमॅप अभ्यासासाठी होता; त्याच युक्तीची दुसरी अवजारं दिवसरात्र वेगळ्या कामासाठी फिरत असतात.

पुतण्यानं सर्व्हर घेऊन तासाभरानं त्यातली 'ऑथ डॉट लॉग' ही फाइल उघडली, तर त्याला हे पाहायला मिळतं. कुणी 'रूट' या नावानं आत यायचा प्रयत्न केला, पासवर्ड चुकला. मग 'अ‍ॅडमिन', मग 'टेस्ट', 'ओरॅकल', 'पोस्टग्रेस'. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, पत्ता. दुकानाची पाटी अजून लागलेली नाही, गिऱ्हाईक एकही नाही आणि कडी शेकडो वेळा वाजवून झालेली. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जुन्या माणसांना तो पावसाचा आवाज वाटतो.

ज्या दारावर ही टकटक चालते त्याचा नंबर २२. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणी तरी नेटवर्कवर चोरून कान लावून हजारो लोकांचे पासवर्ड गोळा केल्याचं उघड झालं. तोवर दूरच्या संगणकावर काम करायला 'टेलनेट' वापरत, फाइली हलवायला 'एफटीपी'. दोन्हींत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करायचा. तिथल्या टाटू युलोनेन या संशोधकानं सगळं संभाषण कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम लिहिला. तो म्हणजे एसएसएच. एफटीपीचा नंबर होता २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. युलोनेननं नंबर वाटणाऱ्या संस्थेला पत्र लिहून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मंजूर झाला. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर याच दारातून सांभाळले जातात, आणि म्हणून टकटकही इथंच.

या दाराला पासवर्ड ठेवूच नये, हा पहिला शहाणपणा. पासवर्ड माणसाला लक्षात राहायला हवा, म्हणून तो ओळखताही येतो. त्याऐवजी किल्ल्यांची जोडी करतात. एक खासगी, जी पुतण्याच्या लॅपटॉपवरून कधीच हलत नाही. दुसरी जाहीर, जी सर्व्हरवर ठेवली जाते. आत येताना लॅपटॉप त्या भेटीपुरत्या मजकुरावर खासगी किल्लीनं सही करतो, आणि सर्व्हर जाहीर किल्लीनं ती सही पडताळतो. किल्ली प्रवास करत नाही, फक्त सही करते. मग एसएसएचच्या सेटिंगमध्ये पासवर्डनं प्रवेश बंद करायचा आणि 'रूट'ला, म्हणजे यंत्राच्या सर्वेसर्वाला, थेट येऊ द्यायचं नाही. एवढ्यानं वरची शेकडो टकटक निरर्थक ठरते.

हे करताना नवखा माणूस हमखास एक चूक करतो : सेटिंग बदलतो, सेवा पुन्हा सुरू करतो, खिडकी मिटतो आणि आपणच बाहेर राहतो. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्याचाच हा प्रकार. म्हणून पहिली खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून नव्यानं आत जाऊन बघायचं, आणि मगच पहिली बंद करायची. काही जण २२ बदलून दाराला दुसरा नंबर देतात. त्यानं लॉगमधला गोंगाट कमी होतो, हे खरं. पण त्याला सुरक्षा म्हणणं म्हणजे घराची पाटी उतरवून चोर चुकेल असं मानणं.

बाकीच्या दारांचं काय? संगणकाला अशी ६५ हजारांहून जास्त दारं, म्हणजे पोर्ट, असतात. पेढ्यांच्या दुकानाला लागतात तीन : २२ आपल्यासाठी, ८० आणि ४४३ गिऱ्हाइकांसाठी. फायरवॉलचं काम एवढंच, की या तिघांखेरीज सगळं बंद. उबंटूत त्यासाठी 'यूएफडब्ल्यू' नावाचं सोपं अवजार आहे आणि चार ओळींत काम होतं. पण फायरवॉलच्या आधीचा प्रश्न जास्त मोलाचा : मुळात ही सेवा चालूच कशाला आहे? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. सर्व्हरवर असा भोंगा एकदाच, पहिल्या दिवशी वाजवायचा असतो. काय काय चालू आहे याची यादी काढायची, आणि ज्याचं काम सांगता येत नाही ते बंद.

न केल्यास काय होतं, ते २०१७च्या जानेवारीत जगानं पाहिलं. 'मोंगोडीबी' नावाचा डेटाबेस हजारो लोकांनी आपापल्या सर्व्हरवर बसवला होता, आणि तो पासवर्डाविना सगळ्या इंटरनेटला उघडा होता. कुणाला घरफोडी करावीच लागली नाही. टोळ्यांनी आत जाऊन माहिती पुसली आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. काही ठिकाणी एका टोळीची चिठ्ठी दुसरीनं काढून स्वतःची लावली. पैसे कुणाला द्यायचे, हेही मालकाला कळेना. उपाय एका ओळीचा होता : डेटाबेसनं फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच यंत्राच्या आतल्या आवाजाला, ओ द्यायची.

आता दुकानाच्या दर्शनी भागाकडे येऊ. पानं पाठवण्याचं काम करणारे दोन प्रोग्रॅम सगळ्यांत ओळखीचे : १९९५ सालचा अपाची आणि रशियाच्या इगोर सिसोएवनं २००४ साली जाहीर केलेला एनजिन-एक्स. कुठला घ्यावा यावर तासन्‌तास वाद घालता येतो. पेढ्यांच्या दुकानाला काही फरक पडत नाही. समजून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती समजायला साताऱ्याच्या माणसाला गडाकडे पाहिलं तरी पुरे.

शिवकालीन गडावर एकाच माणसाच्या हाती सगळं दिलेलं नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. यांतला एखादा फितला तरी गड आपोआप जात नसे. लिनक्समध्ये हीच वाटणी वापरकर्त्यांच्या नावांनी होते. १०२४च्या खालच्या नंबरची दारं उघडायचा हक्क सहसा फक्त रूटला असतो. म्हणून एनजिन-एक्सची मुख्य प्रक्रिया रूटच्या हक्कानं सुरू होते, ८० आणि ४४३ची दारं उघडते आणि मागं सरकते. गिऱ्हाइकांशी बोलायला ती दुसऱ्या, दुबळ्या प्रक्रिया पुढे करते. डेबियन-उबंटूत त्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावानं वावरतात. या नावाला पानं वाचता येतात, पण यंत्राच्या सेटिंगला हात लावता येत नाही. संकेतस्थळातल्या चुकीतून कुणी आत शिरलंच, तर तो गडावर येत नाही, फक्त देवडीवर येतो.

ही वाटणी उधळून लावणारा एक आकडा आहे : ७७७. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला तीन आकडे असतात. पहिला मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा इतर सर्वांसाठी. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज ७ म्हणजे तिन्ही हक्क. साध्या पानाला ६४४ पुरतं : मालक वाचतो-लिहितो, बाकीचे नुसते वाचतात. फोल्डराला ७५५. पण फोटो चढत नाही, पान उघडत नाही, रात्रीचे अकरा वाजलेत, अशा वेळी कुणी तरी सांगतं, "७७७ करून टाक." आणि खरंच, लगेच चालतं. खोलीची कडी अडकते म्हणून दारच बिजागरीतून काढून ठेवल्यावर ये-जा सोपी होणारच. तो आकडा मग कायमचा राहतो, कारण चालणाऱ्या गोष्टीकडे परत कोण बघतो?

याच जातीची आणखी एक निष्काळजी चूक : संकेतस्थळाच्याच फोल्डरात डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल ठेवणं, किंवा 'बॅकअप डॉट झिप' तिथंच विसरणं. वेब सर्व्हरचा स्वभाव मागेल ते पान द्यायचा. नाव ओळखून कुणी मागितलं की तो मुकाट्यानं देतो. टकटक करणाऱ्या यंत्रांकडे अशा नावांच्या लांबच लांब याद्या असतात. गिऱ्हाइकांना फोटो चढवायची सोय दिली असेल, तर त्या फोल्डरात कुठलाही प्रोग्रॅम चालणार नाही एवढं पाहावं. नाही तर फोटोच्या नावाखाली एक दिवस हुकूम चढतो.

ब्राउझरमधल्या छोट्या कुलपाबद्दल लोकांच्या मनात भलताच आदर आहे. २०१५च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेनं त्या कुलपामागची प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ते कुलूप कुणालाही मिनिटभरात मिळतं, ठकांनाही. ते सांगतं एवढंच, की गिऱ्हाईक आणि हा पत्ता यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. पलीकडचा माणूस सज्जन आहे, असं ते म्हणत नाही. फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांत संपतं, म्हणून नूतनीकरण यंत्राकडेच सोपवतात. ही मुदतही आता आखडत चालली आहे. २०२९पासून जगातलं कुठलंही जाहीर प्रमाणपत्र जास्तीत जास्त ४७ दिवसांचं असेल, असं ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्रवाल्यांनी मिळून ठरवलं आहे.

कुलपातच खोट निघाली, असंही घडलं आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' जाहीर झालं. ओपनएसएसएल या कुलूप बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'जागा आहेस का?' असं विचारायची सोय होती. विचारणारा एक शब्द पाठवायचा आणि त्याची लांबी सांगायचा. सर्व्हर तेवढाच शब्द परत म्हणून दाखवायचा. चार अक्षरांचा शब्द पाठवून लांबी हजारो अक्षरांची सांगितली, तर सर्व्हर न मोजता आपल्या स्मरणातून पुढची हजारो अक्षरं ओतायचा. त्यात पासवर्ड असत, कधी खुद्द खासगी किल्ली. ही चूक दोन वर्षं जगातल्या सर्व्हरांवर बसून होती.

चूक सापडली की दुरुस्ती निघते. ती बसवायची कुणी? इथं माणसाचा स्वभाव आडवा येतो. 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' हे तत्त्वज्ञान ट्रॅक्टरला लागू पडत असेल, सर्व्हरला पडत नाही. "आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद केला नाही," असं अभिमानानं सांगणारी मंडळी भेटतात. त्याचा सरळ अर्थ, तीन वर्षांत नवीन कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सहसा लागूच झालेलं नाही.

'इक्विफॅक्स' ही अमेरिकेतली कंपनी लोकांची पतपात्रता नोंदवते. तिच्या एका संकेतस्थळामागं 'अपाची स्ट्रट्स' हे सॉफ्टवेअर होतं. २०१७च्या ७ मार्चला त्यातली गंभीर चूक आणि दुरुस्ती दोन्ही जाहीर झाली. कंपनीत सूचनाही फिरली. तरी ते एक यंत्र नजरेतून सुटलं. मेच्या मध्यात चोर आत शिरले आणि जुलैच्या अखेरीपर्यंत निवांत राहिले. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची नावं, जन्मतारखा, सरकारी ओळख क्रमांक गेले. यातला खरा धडा पुढचा आहे. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवायला कंपनीकडे उपकरण होतं. पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती, त्यामुळे कुलूपबंद वाहतूक त्याला दिसतच नव्हती. २९ जुलैला ते प्रमाणपत्र बदललं आणि जवळजवळ लगेच संशयास्पद हालचाल दिसली. पहारेकरी होता, त्याचा चष्मा हरवला होता.

पेढ्यांच्या दुकानासाठी इलाज साधा आहे. उबंटूची पाच वर्षं दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती घ्यायची, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय करायची, आणि यंत्र पुन्हा सुरू करायची वेळ दिवाळीच्या गर्दीत नाही तर एखाद्या निवांत पहाटे ठरवायची. हे करायला मोठ्या शहरातून माणूस आणावा लागत नाही. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचं आहे आणि तिथं विद्यार्थ्यांचा 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' आहे. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चं. हात जवळपासच आहेत. दुकानदाराला फक्त विचारायचं सुचत नाही.

आणि सगळं करूनही बुडालं तर? इथं सांगलीकरांना पुस्तकाची गरज नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेले, तोंड बंद करून ठेवायचे खड्डे. आत हवा नाही, म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. साठवणीची ही पद्धत उत्तम होती. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं बाद झाली. दोष पेवांच्या बांधणीत नव्हता. सगळा माल एकाच नदीच्या काठावर होता.

सर्व्हरची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणारे लोक हेच करतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला हिशेब असा : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आजच्या खंडणीखोरांच्या काळात त्यात एक पुरवणी जोडावी. मूळ सर्व्हरला ती दूरची प्रत पुसायचा हक्क नसावा; नाही तर सर्व्हर हाती लागलेला माणूस प्रतही पुसून जातो.

तरी हेही अर्धंच काम. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीच्या एका अभियंत्यानं रात्री उशिरा, थकलेल्या डोळ्यांनी, चुकीच्या यंत्रावर पुसण्याचा हुकूम दिला. चूक लक्षात येऊन त्यानं तो थांबवेपर्यंत ३०० जीबीच्या आसपासच्या डेटाबेसमधले साडेचार जीबी उरले होते. घाबरायचं कारण नव्हतं, कारण प्रती ठेवायच्या पाच पद्धती होत्या. मग एकेक उघडून पाहिली. एक चालतच नव्हती, दुसरी कधी बसवलीच नव्हती, तिसरी रिकामी. पाचांपैकी एकही धड निघाली नाही. सहा तासांपूर्वी कुणी तरी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर कंपनी वाचली. कौतुकाची गोष्ट ही, की कंपनीनं काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम चालू असताना त्याचं थेट प्रक्षेपण जगाला दाखवलं आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केला नाही. पेढ्यांच्या दुकानात महिन्यातून एकदा प्रत उघडून तिच्यातून दुकान पुन्हा उभं करून बघायचं. न उघडलेल्या प्रतीला प्रत म्हणू नये.

आता पुन्हा त्या ऑथ डॉट लॉगकडे. लिनक्सचा स्वभाव मुनीमजीचा आहे. कोण आलं, काय मागितलं, काय दिलं, सगळं लिहून ठेवतो. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं आदेश काढला : अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवा, यंत्रांची घड्याळं प्रमाण वेळेशी जुळवा, आणि घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत आम्हाला कळवा. घड्याळाची अट वाचून हसू येतं, पण चौकशीत तीच आधी लागते. एका यंत्राचं घड्याळ सात मिनिटं पुढे असेल, तर चोर आधी बाहेर पडला आणि मग आत आला, असं नोंदी सांगू लागतात.

लिहिणारा आहे, वाचणारा कोण? ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. शनिवारी, ११ तारखेला, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. भारतात ज्या शहरांतून निघाले त्यांत सांगलीशेजारचं कोल्हापूरही होतं. तो वेब सर्व्हरवरचा हल्ला नव्हता. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी मंजुरी बसवली होती. पण वार पाहण्यासारखा आहे. शनिवार-रविवार, सलग सुट्ट्या, पाठोपाठ १५ ऑगस्ट. ज्या दिवशी पुलावरचा आकडा कुणी बघत नाही, त्या दिवशी पाणी येतं.

सगळा लॉग रोज वाचणं कुणालाच शक्य नसतं. 'फेल टू बॅन' हे अवजार ठरावीक वेळा चुकलेल्या पत्त्याला काही काळ दाराबाहेर ठेवतं. 'लॉगवॉच' रात्रभराचा गोषवारा सकाळी मेलनं पाठवतं. पुतण्यानं चहाबरोबर तो दोन मिनिटं वाचला तरी पुष्कळ. त्यात शोधायचा तो हल्ला नव्हे, तो तर रोजचाच. शोधायचं ते वेगळेपण : पहाटे तीनला यशस्वी झालेला प्रवेश, ओळखीचा नसलेला नवा वापरकर्ता, एका रात्रीत दसपट भरलेली डिस्क. त्यासाठी रोजचं पाणी किती असतं, ते माहीत असावं लागतं.

अँड्रेस फ्रॉइंड यांना ते माहीत होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आणि पोस्टग्रेस डेटाबेसचं काम पाहणारे हे अभियंते २०२४च्या मार्चमध्ये वेगाची काही मोजमापं घेत होते. चाचणीच्या यंत्रावर २२ नंबरच्या दारानं आत यायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद, दुसऱ्या कुणी नेटवर्कला शिवी देऊन काम पुढं नेलं असतं. ते माग काढत गेले आणि 'एक्सझेड' नावाच्या फाइली दाबून लहान करणाऱ्या, कुणी लक्षही न देणाऱ्या प्रोग्रॅमपाशी पोचले. 'जिया टॅन' या नावानं वावरणाऱ्या कुणी तरी दोन वर्षांहून जास्त काळ सचोटीनं काम करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला होता, आणि मग ५.६.० या आवृत्तीत एक चोरदिंडी बसवली होती. तिची किल्ली ज्याच्याकडे, त्याला एसएसएचच्या दारातून पासवर्ड न विचारता आत सोडलं जाणार होतं. ती आवृत्ती डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या अवतारांच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती. लोक रोजच्या कामाला वापरतात त्या आवृत्त्यांत शिरायला थोडाच अवकाश होता.

फ्रॉइंड यांनी हे जाहीर केलं तो दिवस २९ मार्चचा, शुक्रवार, गुड फ्रायडेची सुट्टी. इकडं दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती. पुतण्याचा सर्व्हर उबंटूच्या पाच वर्षं दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवर असता, तर त्यात जुनंच एक्सझेड निघालं असतं, आणि रंग लागलेल्या हातानं ते तपासून बघायला त्याला एक ओळ टाइप करावी लागली असती.